निदानाआधी हरवणारी वर्षे : फुप्फुसांतील उच्च रक्तदाबाचा विचार

दंडाला पट्टा बांधून मोजला जाणारा रक्तदाब हा रक्ताभिसरणाच्या अर्ध्याच भागाचा हिशेब असतो. हृदयाची डावी बाजू शुद्ध रक्त शरीरभर पाठवते आणि पट्ट्याने मोजला जातो तो त्या बाजूचा दाब. उजवी बाजू मात्र शरीरातून परतलेले अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे ढकलते आणि त्या वाटेवरचा दाब दवाखान्यातल्या कोणत्याही साध्या उपकरणाने मोजता येत नाही. प्रौढ माणूस स्वस्थ बसलेला असताना या दोन्ही वाटांवरून मिनिटाला सारखेच, साधारण ५ लिटर, रक्त वाहते. तरीही शरीराच्या धमन्यांतला सरासरी दाब पाऱ्याच्या ९० मिलिमीटरच्या आसपास असतो, तर फुप्फुसांच्या धमनीतला अवघा १४. फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या पातळ भिंतींच्या, लवचीक आणि संख्येने अगणित असतात, म्हणूनच एवढ्या कमी दाबात एवढे रक्त त्यांतून जाऊ शकते. हा दाब वाढून वाढलेलाच राहतो, तेव्हा त्या अवस्थेला पल्मनरी हायपरटेन्शन, म्हणजेच फुप्फुसांतील उच्च रक्तदाब, म्हणतात.

जगातल्या साधारण १ टक्का लोकांमध्ये ही अवस्था असावी आणि पासष्टी ओलांडलेल्यांमध्ये हे प्रमाण १० टक्क्यांपर्यंत जात असावे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. यांतील बहुतेकांच्या बाबतीत दाब वाढतो तो हृदयाच्या डाव्या बाजूच्या किंवा खुद्द फुप्फुसांच्या एखाद्या जुन्या आजारामुळे. रक्तवाहिन्यांच्या भिंतींतच मूळ दुखणे असलेले रुग्ण दर दहा लाखांत सुमारे ५० एवढेच असतात. या दोन्ही तऱ्हांच्या रुग्णांना लागणारी धाप सारखीच असली, तरी त्यांचे उपचार वेगळे आहेत आणि पुढची वाटचालही वेगळी आहे. या आजाराच्या गेल्या चाळीस वर्षांतल्या नोंदींतून एक गोष्ट स्पष्ट होते : रुग्ण किती वर्षे जगेल हे औषधांवर जितके अवलंबून असते, तितकेच ते निदान किती लवकर झाले आणि दाब कशामुळे वाढला हे किती नेमकेपणाने ठरवले गेले, यावरही अवलंबून असते.

दाब वाढतो कसा आणि कळत का नाही

रक्तवाहिन्यांच्याच आजारात बिघाड सुरू होतो तो अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असलेल्या धमन्यांत. त्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन ही वाहिनी सैल ठेवणारी द्रव्ये कमी प्रमाणात तयार करू लागतात, उलट वाहिनी आवळणारे एंडोथेलिन हे द्रव्य अधिक प्रमाणात तयार होते. भिंतीतला स्नायूचा थर जाड होत जातो, अस्तराच्या पेशी वाजवीपेक्षा जास्त वाढतात, जागच्या जागी बारीक गुठळ्या धरतात आणि वाहिनीचा मार्ग हळूहळू बुजतो. फुप्फुसांना निसर्गाने रक्तवाहिन्यांचा एवढा मोठा राखीव साठा दिलेला आहे की, निम्म्याहून अधिक वाहिन्या निकामी होईपर्यंत विश्रांतीच्या वेळचा दाब फारसा वाढत नाही. त्यामुळे दाब वाढल्याचे पहिल्यांदा लक्षात येते, तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो.

वाढलेल्या दाबाचा भार पडतो तो हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यावर. या कप्प्याची भिंत डाव्या कप्प्याच्या तुलनेत पातळ असते आणि ती कमी दाबाच्या कामासाठीच घडलेली असते. भार वाढला की ती आधी जाड होते, मग कप्पा फुगत जातो, डाव्या कप्प्याची जागा दाबू लागतो आणि शेवटी रक्त पुढे ढकलण्याची त्याची ताकद संपते. फुप्फुसांतील उच्च रक्तदाबाच्या रुग्णाचा मृत्यू बहुतेक वेळा उजव्या बाजूच्या या थकव्यामुळेच होतो. म्हणून या आजारात रुग्णाचे भवितव्य ठरवताना दाबाच्या आकड्यापेक्षा उजव्या कप्प्याची स्थिती अधिक महत्त्वाची मानली जाते; कप्पा पूर्ण थकला की दाबाचा आकडा उलट खाली येऊ शकतो आणि ती सुधारणा नसून धोक्याची खूण असते.

लक्षणे फसवी असतात. जिना चढताना, चढावर चालताना किंवा पाण्याचा हंडा उचलताना पूर्वी न लागणारी धाप लागू लागते, लवकर थकवा येतो, छातीत धडधडते. पुढच्या टप्प्यात श्रम करताना भोवळ येते किंवा शुद्ध हरपते, छातीत दुखते, पायांवर सूज येते, पोट फुगते. यांतले एकही लक्षण केवळ याच आजाराचे नाही. तरुण स्त्रीची धाप रक्तक्षयाच्या किंवा मानसिक ताणाच्या खाती जमा होते, मध्यमवयीन माणसाची वाढलेल्या वजनाच्या, तर उतारवयातल्या माणसाची वयाच्या. आणि अनेकांना दमा म्हणून महिनोन् महिने फवारे दिले जातात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९८१ ते १९८५ या काळात ३२ केंद्रांतून १८७ रुग्णांची नोंद केली, तेव्हा पहिले लक्षण आणि निदान यांत सरासरी २ वर्षांचे अंतर आढळले होते. पुढे वीस वर्षांनी तपासणीची साधने कितीतरी सुधारली होती, तरी २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘रिव्हील’ या अमेरिकी नोंदवहीतही दर पाचांपैकी एका रुग्णाची लक्षणे निदानापूर्वी २ वर्षांहून अधिक काळ चाललेली होती.

एकच दाब, पाच गट

दाब कशामुळे वाढला यावरून या आजाराचे पाच गट पाडले जातात. पहिला गट रक्तवाहिन्यांच्याच आजाराचा; त्याला पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शन, थोडक्यात पीएएच, म्हणतात. यात कोणतेही कारण न सापडणारे रुग्ण येतात, तसेच आनुवंशिक दोष असलेलेही येतात. २००० साली बीएमपीआर-२ या जनुकातला दोष अनेक कुटुंबांत या आजाराच्या मुळाशी असल्याचे सिद्ध झाले. त्वचा आणि अंतर्गत अवयव कडक करणारा सिस्टेमिक स्क्लेरोसिस, एचआयव्हीचा संसर्ग, यकृताच्या आजाराने वाढलेला पोटातील शिरांचा दाब, जन्मजात हृदयविकार आणि काही औषधे ही याच गटातली इतर कारणे. औषधांचा धडा युरोपने मोठी किंमत देऊन शिकला : अमिनोरेक्स नावाचे भूक मारणारे औषध १९६५ नंतर स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि पश्चिम जर्मनी या देशांत विकले जाऊ लागले आणि काही वर्षांतच तिथे या दुर्मीळ आजाराची साथच आली. त्या घटनेमुळेच जागतिक आरोग्य संघटनेने १९७३ मध्ये जिनिव्हात या आजारावरची पहिली बैठक बोलावली.

दुसरा गट हृदयाच्या डाव्या बाजूच्या आजारांचा आहे आणि जगभर सर्वांत मोठा तोच आहे. डावा कप्पा नीट सैलावत नसेल, अशक्त झाला असेल किंवा डाव्या बाजूची झडप आकसली असेल, तर रक्त मागे फुप्फुसांत तुंबते आणि तिथला दाब वाढतो. भारतात याचे नेहमीचे कारण म्हणजे लहानपणी घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या संधिवाताच्या तापाने, म्हणजे ऱ्हुमॅटिक फीव्हरने, खराब झालेली मायट्रल झडप. तिसरा गट फुप्फुसांच्या आजारांचा : धूम्रपानाने किंवा चुलीच्या धुराने जडलेला श्वासनलिकांचा जुनाट विकार, फुप्फुसे कडक करणारे फायब्रोसिस, झोपेत श्वास अडणे. चौथा गट फुप्फुसांच्या धमन्यांत अडकून जुन्या झालेल्या रक्ताच्या गुठळ्यांचा, आणि पाचवा संमिश्र किंवा नीट न उलगडलेल्या कारणांचा. केरळमधील ५० रुग्णालयांनी मिळून केलेल्या ‘प्रोकेरळ’ नोंदणीत सुमारे २,००० रुग्णांची माहिती गोळा झाली. त्यांतले सुमारे ५९ टक्के दुसऱ्या गटातले होते आणि सुमारे २१ टक्के पहिल्या. म्हणजे दाब वाढलेला दिसताच पहिल्या गटाची औषधे सुरू करणारा डॉक्टर बहुतांश वेळा चुकण्याचीच शक्यता जास्त.

जन्मजात हृदयविकाराचा इथे वेगळा उल्लेख करायला हवा. हृदयाच्या पडद्यात मोठे छिद्र असेल, तर डाव्या बाजूचे रक्त जोराने उजवीकडे शिरते आणि फुप्फुसांच्या वाहिन्यांवर वर्षानुवर्षे मारा होत राहतो. त्या आकसत गेल्या की एक वेळ अशी येते की उजवीकडचा दाब डावीकडच्या दाबाच्या बरोबरीला येतो, प्रवाह उलटतो, अशुद्ध रक्त शरीरात जाऊ लागते आणि ओठ व नखे निळी पडतात. यालाच आयझेनमेंगर सिंड्रोम म्हणतात. या टप्प्यावर छिद्र बंद करणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते, कारण तेच छिद्र आता उजव्या कप्प्याला मोकळीक देत असते. तीच शस्त्रक्रिया बालपणी वेळेवर झाली असती, तर आजार टळला असता. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या आणि शाळेतल्या मुलांची तपासणी होते आणि तपासल्या जाणाऱ्या दोषांत जन्मजात हृदयविकाराचाही समावेश आहे. मोठेपणीचा एक असाध्य आजार त्या तपासणीने टळू शकतो.

टूडी इकोच्या कागदावरचा आकडा

धापेचा रुग्ण हृदयरोगतज्ज्ञाकडे गेला की टूडी इको होते आणि अहवालात ‘आरव्हीएसपी ४५’ किंवा ‘माइल्ड पीएएच’ अशी ओळ येते. ती वाचून घरात एकच घबराट होते. काही वेळा उलट, ‘माइल्ड’ हा शब्द पाहून कागद कपाटात जातो. हा आकडा येतो कुठून, हे समजून घेतले तर दोन्ही टोके टळतात.

इको यंत्र दाब मोजत नाही, रक्ताचा वेग मोजते. उजव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेतून थोडे रक्त मागे गळत असते. त्या गळतीचा वेग सेकंदाला किती मीटर हे ध्वनिलहरींनी कळते, आणि वेगाच्या वर्गाला चारने गुणले की दोन कप्प्यांमधल्या दाबाचा फरक मिळतो. वेग ३ मीटर असेल, तर फरक ३६ येतो. त्यात वरच्या कप्प्याचा अंदाजी दाब, समजा ५ ते १०, मिळवला की ४१ ते ४६ हा आरव्हीएसपीचा आकडा छापला जातो. हा दाब हृदय आकुंचन पावतानाचा, म्हणजे वरचा दाब आहे. आजाराची व्याख्या मात्र सरासरी दाबावर केलेली आहे. शिवाय वेगातली बारीकशी चूक वर्गामुळे मोठी होते, आणि रक्तक्षयात किंवा तापात रक्त जोराने वाहत असल्यामुळे वाहिन्या निरोगी असूनही वेग वाढलेला दिसतो. म्हणून २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी इकोचा निकाल शक्यतेच्या भाषेत द्यायला सांगितले आहे : वेग २.८ पर्यंत असेल आणि इतर खुणा नसतील तर शक्यता कमी, २.९ ते ३.४ असेल तर मध्यम, आणि त्याहून जास्त असेल तर मोठी. त्याच्या जोडीला उजवा कप्पा फुगला आहे का, मधला पडदा चपटा झाला आहे का, हेही पाहावे लागते.

इकोच्या भरवशावर निदान करण्यातला धोका सिकलसेलच्या रुग्णांवरच्या अभ्यासांतून ठळकपणे पुढे आला. विदर्भ आणि नंदुरबारसारख्या भागांतल्या आदिवासी व इतर समाजांत या रक्तविकाराचे प्रमाण मोठे असल्यामुळे महाराष्ट्राला तो विषय जवळचा आहे. २००४ च्या एका अमेरिकी अभ्यासात १९५ प्रौढ रुग्णांपैकी जवळपास एक तृतीयांश रुग्णांत हा वेग २.५ किंवा अधिक आढळला आणि अशा रुग्णांत मृत्यूचे प्रमाण कितीतरी जास्त होते. फ्रान्समध्ये २०११ मध्ये सुमारे ४०० रुग्ण तपासले गेले. तिथे २७ टक्क्यांचा वेग वाढलेला होता, पण हृदयात नळी घालून प्रत्यक्ष दाब मोजल्यावर आजार ठरला तो फक्त ६ टक्क्यांचा. वाढलेला वेग ही सावधगिरीची सूचना नक्कीच आहे, पण तिला निदान मानून औषध दिले तर काय होते, हेही पाहिले गेले : सिकलसेलच्या अशा रुग्णांना वाहिन्या सैल करणारे सिल्डेनाफिल हे औषध देणारी चाचणी २००९ मध्ये अर्ध्यावर थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांमध्ये तीव्र वेदनांमुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण वाढले होते.

शेवटचा शब्द नळीचा

पक्के निदान होते ते हृदयाच्या उजव्या बाजूच्या कॅथेटरायझेशनने. १९२९ मध्ये जर्मनीतल्या एबर्सवाल्ड इथल्या वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने स्वतःच्या हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि तशाच अवस्थेत क्ष-किरण छायाचित्र काढून घेतले. न्यूयॉर्कमध्ये आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्‌स यांनी त्या पद्धतीला शास्त्रशुद्ध मोजणीचे रूप दिले आणि १९५६ चे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले. टोकाला इवलासा फुगा असलेली, आज वापरली जाणारी नळी १९७० मध्ये स्वान आणि गँझ या डॉक्टरांनी पुढे आणली.

रुग्ण शुद्धीवर असताना मानेतल्या, हातातल्या किंवा जांघेतल्या शिरेची जागा बधिर करून नळी आत घातली जाते. फुगा रक्ताच्या प्रवाहाबरोबर उजव्या बाजूच्या दोन्ही कप्प्यांतून फुप्फुसांच्या धमनीत पोहोचतो आणि पडद्यावरचा दाबाचा आलेख प्रत्येक टप्प्यावर बदलत जातो. मग नळी एका लहान फांदीत अडकेपर्यंत पुढे नेली जाते; फुग्याने मागचा प्रवाह बंद केलेला असल्यामुळे टोकाशी मिळणारा दाब हा पलीकडच्या, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दाबाशी जुळतो. याला वेज प्रेशर म्हणतात आणि आजार कोणत्या बाजूचा, हा वाद सुटतो तो याच आकड्यावर. धमनीतल्या सरासरी दाबातून वेज प्रेशर वजा करून मिनिटाला वाहणाऱ्या रक्ताच्या लिटरांनी भागले की वाहिन्यांचा विरोध कळतो. तो मोजण्याच्या एककाला निलगिरीतल्या कुन्नूर इथे जन्मलेले आणि लंडनमध्ये नावारूपाला आलेले हृदयरोगतज्ज्ञ पॉल वुड यांचे नाव दिलेले आहे.

एका रुग्णात सरासरी दाब ५०, वेज प्रेशर १० आणि प्रवाह ४ लिटर असेल, तर विरोध १० वुड युनिट येतो. हा रक्तवाहिन्यांचा आजार. दुसऱ्यात दाब ३४, वेज प्रेशर २६ आणि प्रवाह ५ लिटर असेल, तर विरोध १.६ येतो, इथे वाहिन्या जवळपास निरोगी आहेत आणि दोष डाव्या बाजूचा आहे. इकोच्या अहवालात या दोघांनाही ‘पीएएच’ असाच शिक्का बसू शकतो. आजची व्याख्या सरासरी दाब २० पेक्षा जास्त असणे ही आहे. १९७३ पासून चालत आलेली २५ ची मर्यादा २०१८ मध्ये नीस इथल्या जागतिक परिषदेत खाली आणली गेली, कारण निरोगी माणसांतला दाब २० च्या वर क्वचितच जातो आणि २१ ते २४ दाब असलेल्यांचीही पुढची वाटचाल निरोगी माणसांसारखी नसते, असे तोवर दिसून आले होते. पहिल्या गटाच्या निदानासाठी याबरोबरच वेज प्रेशर १५ किंवा कमी आणि विरोध २ वुड युनिटपेक्षा जास्त असावा लागतो.

या तपासणीची भीती अवाजवी आहे. अनुभवी केंद्रांतल्या ७,२१८ तपासण्यांच्या पाहणीत गंभीर गुंतागुंत १.१ टक्के रुग्णांत आणि मृत्यू ०.०५५ टक्के रुग्णांत झाल्याचे आढळले. अर्थात इकोत दाब वाढलेला दिसलेल्या प्रत्येकाला तिची गरज नसते. डाव्या बाजूचा किंवा फुप्फुसांचा आजार उघड दिसत असेल आणि उजवा कप्पा ठीक असेल, तर त्या मूळ आजाराचाच उपचार करायचा असतो.

नळीआधी आणखी एक तपासणी चुकवू नये, ती म्हणजे फुप्फुसांचा व्ही-क्यू स्कॅन, ज्यात हवा कुठे पोहोचते आणि रक्त कुठे पोहोचते याची चित्रे शेजारी ठेवून पाहिली जातात. हवा पोहोचते पण रक्त पोहोचत नाही असे भाग दिसले, तर जुन्या गुठळ्यांचा चौथा गट संभवतो. स्कॅन स्वच्छ असेल, तर तो गट जवळपास बाद होतो. या गटातल्या सुमारे चौथा हिस्सा रुग्णांना फुप्फुसात गुठळी झाल्याचे पूर्वी कधी कळलेलेच नसते, म्हणून इतिहासात गुठळी नाही एवढ्यावरून हा स्कॅन टाळता येत नाही.

किती वर्षे, हा प्रश्न

रुग्ण आणि नातेवाईक हा प्रश्न विचारतातच, आणि त्याचे उत्तर काळानुसार बदलत आले आहे. १९८० च्या दशकातल्या अमेरिकी नोंदणीत कारण न सापडलेल्या रुग्णांपैकी निम्मे रुग्ण निदानानंतर २.८ वर्षांतच दगावले होते आणि ५ वर्षांनी जिवंत होते ३४ टक्के. तेव्हा या आजारावर नेमके औषधच नव्हते. १९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले एपोप्रोस्टेनॉल हे शिरेतून रात्रंदिवस पंपाने द्यावे लागणारे औषध पहिले ठरले. ८१ गंभीर रुग्णांवरच्या १२ आठवड्यांच्या चाचणीत नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ८ जण मृत्यू पावले, तर हे औषध घेणाऱ्यांपैकी एकही नाही. त्यानंतर २००१ मध्ये बोसेंटान, २००५ मध्ये सिल्डेनाफिल आणि मागोमाग इतर गोळ्या आल्या. ‘रिव्हील’ नोंदवहीत निदानानंतर १ वर्षाने ८५ टक्के, ३ वर्षांनी ६८ टक्के आणि ५ वर्षांनी ५७ टक्के रुग्ण जिवंत होते. ३४ वरून ५७ ही वाढ मोठी आहे, पण समाधान मानण्याइतकी नाही.

ही सरासरी एका रुग्णाला फारसे सांगत नाही, म्हणून आता प्रत्येकाचा धोका वेगळा मोजला जातो. रोजच्या कामात धाप किती लागते, सहा मिनिटांत रुग्ण किती मीटर चालतो आणि हृदयावरचा ताण दाखवणाऱ्या एनटी-प्रोबीएनपी या द्रव्याची रक्तातली पातळी किती, ही त्या मोजणीची तीन मुख्य अंगे. चालण्याची चाचणी साधी आहे : रुग्णालयाच्या साधारण ३० मीटरच्या सरळ मार्गिकेत खुणा करून रुग्णाला आपल्या गतीने ये-जा करायला सांगतात. ४४० मीटरहून जास्त अंतर आणि ३०० हून कमी प्रोबीएनपी ही चांगली लक्षणे. १६५ मीटरहून कमी अंतर आणि १,१०० हून जास्त प्रोबीएनपी ही वाईट. कमी धोक्याच्या रुग्णांत वर्षभरातल्या मृत्यूचे प्रमाण ५ टक्क्यांखाली असते, तर जास्त धोक्याच्या रुग्णांत ते २० टक्क्यांच्या वर जाते. दर तीन ते सहा महिन्यांनी ही मोजणी करून रुग्णाला कमी धोक्याच्या गटात आणणे आणि तिथे टिकवणे, हेच आता उपचाराचे ध्येय मानले जाते.

मूळ कारणावरूनही भवितव्य बदलते. सिस्टेमिक स्क्लेरोसिसमधून आलेला आजार अधिक वेगाने बळावतो, म्हणून त्या रुग्णांची लक्षणे नसतानाही दरवर्षी तपासणी करण्याची शिफारस आहे. आयझेनमेंगरचे रुग्ण मात्र कारण न सापडलेल्या रुग्णांपेक्षा जास्त वर्षे काढतात, कारण त्यांचा उजवा कप्पा लहानपणापासून मोठ्या दाबाला सरावलेला असतो. पहिल्या गटातल्या थोड्या रुग्णांच्या वाहिन्या नळीच्या तपासणीत औषध हुंगवताच लगेच सैल होतात. अशांना रक्तदाबाच्या नेहमीच्या वापरातली कॅल्शियम चॅनल ब्लॉकर गोळी मोठ्या मात्रेत पुरते. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात अशा प्रतिसाद देणाऱ्या रुग्णांपैकी ९४ टक्के रुग्ण ५ वर्षांनी जिवंत होते. ही चाचणी न करताच त्या गोळ्या देणे मात्र धोकादायक ठरते.

औषध गटाप्रमाणे

पहिल्या गटात आता सुरुवातच दोन औषधांनी करण्याकडे कल आहे, कारण २०१५ च्या ‘अँबिशन’ चाचणीत अँब्रिसेंटान आणि टॅडालाफिल एकत्र घेणाऱ्यांमध्ये उपचार अपयशी ठरण्याचे प्रमाण एकेकटे औषध घेणाऱ्यांच्या तुलनेत निम्म्यावर आले. यांतल्या बऱ्याच गोळ्या भारतात जेनेरिक स्वरूपात मिळतात; पंपाने द्यायच्या औषधांची उपलब्धता मात्र फारच मर्यादित आहे. वाहिन्या केवळ सैल करण्याऐवजी त्यांच्या भिंतीतली वाजवीपेक्षा जास्त वाढ आवरणारे सोटाटरसेप्ट हे इंजेक्शन अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये मान्य झाले, आणि जास्त धोक्याच्या १७२ रुग्णांवरच्या चाचणीत मृत्यू, प्रत्यारोपण किंवा आजार बळावून रुग्णालयात दाखल होणे हे प्रकार औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांत, तर नुसती सुई घेणाऱ्यांपैकी सुमारे ५५ टक्क्यांत घडले.

हीच औषधे इतर गटांत उपयोगी पडतील, हा समज महागात पडतो. स्पेनमध्ये झडपेवर शस्त्रक्रिया होऊनही दाब उरलेल्या २०० रुग्णांवर सिल्डेनाफिलची चाचणी झाली; २०१८ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार औषध घेणाऱ्यांची प्रकृती न घेणाऱ्यांपेक्षा अधिक बिघडली. दुसऱ्या गटात उपचार करायचा तो झडपेचा. आकसलेली मायट्रल झडप फुग्याने रुंद करण्याची पद्धत जपानच्या कांजी इनोऊए यांनी विकसित केली आणि भारतात ती सर्रास वापरली जाते. योग्य वेळी ती केली, तर फुप्फुसांतला दाब पुढच्या महिन्यांत आपोआप उतरत जातो. तिसऱ्या गटात प्राणवायू, धूम्रपान सोडणे आणि मूळ विकाराचा उपचार यांवर भर असतो.

शस्त्रक्रियेने बरा होऊ शकणारा गट म्हणजे चौथा. हृदय-फुप्फुस यंत्रावर ठेवून रुग्णाचे शरीर २० अंश सेल्सियसच्या आसपास थंड केले जाते, रक्ताभिसरण एका वेळी जास्तीत जास्त २० मिनिटे पूर्ण थांबवले जाते आणि तेवढ्या वेळात शल्यचिकित्सक धमनीच्या आतला, जुन्या गुठळीने भरलेला थर फांद्यांसकट सोलून काढतो. आंतरराष्ट्रीय नोंदणीत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ८९ टक्के, तर न झालेल्यांपैकी ७० टक्के रुग्ण ३ वर्षांनी जिवंत होते. ज्यांच्यावर ती शक्य नसते, त्यांच्या वाहिन्या फुग्याने उघडण्याची जपानी केंद्रांनी परिपूर्ण केलेली पद्धत आणि रिओसिग्वाट हे औषध उपलब्ध आहे.

सर्व उपाय थकल्यावर उरते ते फुप्फुसांचे प्रत्यारोपण. दरम्यान मीठ कमी करणे, लसी घेणे, देखरेखीखाली बेताचा व्यायाम करणे आणि उंच ठिकाणी जाण्याआधी डॉक्टरांना विचारणे, या साध्या गोष्टींनी आयुष्य सुकर होते. पहिल्या गटातल्या स्त्रियांना गर्भधारणा टाळण्याचा सल्ला दिला जातो, कारण गरोदरपणातला आणि बाळंतपणानंतरच्या दिवसांतला वाढीव भार थकलेला उजवा कप्पा पेलू शकत नाही. हे कुटुंबाला स्पष्ट शब्दांत सांगणे डॉक्टरांचे कर्तव्य आहे आणि त्यावरून त्या स्त्रीला बोल न लावणे कुटुंबाचे.

छातीचा एक्स-रे आणि ईसीजी ठीक असूनही धाप वाढत असेल, दम्याच्या फवाऱ्याने दोन-तीन महिन्यांत फरक पडत नसेल, श्रमाने भोवळ येत असेल, तर टूडी इको करून घ्यावी; आणि तिच्यात दाब वाढलेला दिसला, तर औषधाची चिठ्ठी घेण्याआधी तीन प्रश्न जरूर विचारावेत : हा आजार कोणत्या गटातला आहे, गुठळ्यांसाठी स्कॅन झाला आहे का, आणि नळीने दाब मोजण्याची गरज आहे का. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत निदान पूर्ण झाले असे समजू नये.